पेतित दूव

बुधवारी दुपारी हर्षदा मासाळला कंपनीकडून एक ध्वनिफीत आली. सोबत एका ओळीची सूचना होती : 'उच्चार अस्पष्ट आहे का, ते कळवा.' अशा फिती आठवड्याला पाचसहा यायच्या. धनकवडीतल्या आपल्या दोन खोल्यांत बसून ती त्या ऐकायची, शेरा लिहायची आणि पुढच्या कामाला लागायची.

ही फीत सेनेगल नदीच्या काठावरच्या एका गावातली होती. बोलणारी बाई धापा टाकत होती, मागे वाऱ्याचा आवाज होता, तरी तिचं फ्रेंच पहिल्याच खेपेला कळलं.

"कुंबा बा बोलतेय, पशुसेविका. काल दोन मेंढ्या गेल्या, आज तीन. पोट फाडलं तर आत रक्ताळलेलं पाणी. यकृतात बारके चपटे जंत आहेत. गुटी सुरू करून तेवीस दिवस झाले." मग धाप आवरत : "कुणी ऐकतंय का तिकडे?"

हर्षदाने फीत पाच वेळा ऐकली. उच्चार स्वच्छ होता. तेवढं लिहून ती मोकळी होऊ शकली असती. तिने खिडकी उघडली, परत लावली, चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिली. 'बारके चपटे जंत' यासाठी कुंबाने वापरलेले दोन फ्रेंच शब्द होते 'पेतित दूव'. आणि त्या शब्दांपुढे कोणतं औषध लागायचं, ते हर्षदाच्याच हातून लिहिलं गेलं होतं.

गुटी म्हणजे अंगठ्याएवढी जड कुपी. मेंढीला एकदा गिळवली की ती पोटाच्या कप्प्यात तळाशी जाऊन बसते आणि मेंढी जगेल तोवर तिथेच राहते. पुण्यातल्या कंपनीत कुणीतरी गमतीने तिला गुटी म्हटलं आणि २०३९ सालापर्यंत ते नाव अकरा देशांत पोचलं. गुटीत औषध भरलेलं नसतं, औषध बनवायची सोय असते. कुठल्याही जंताला जगायला काही जनुकं लागतात. त्या जनुकाचा निरोप पेशीत वाटेतच अडवणारा आरएनएचा छोटासा तुकडा गुटी तयार करते. निरोप पोचत नाही, जंत मरतो. हा तुकडा जंताच्या जनुकाशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो, त्यामुळे तो दुसऱ्या कुणालाच बाधत नाही. मेंढीला नाही, तिचं दूध पिणाऱ्या पोराला नाही, लेंडीतल्या किड्यांनासुद्धा नाही.

जुनी औषधं दांडगी होती. एका बाटलीत दहा जातींचे जंत मरायचे, त्यामुळे जंताचं नाव चुकलं तरी भागून जायचं. पुढे जंत त्या औषधांना दाद देईनासे झाले आणि गुटी आली. आता पशुसेविका जनावर तपासायची, जंताचं नाव फोनला सांगायची, फोन ते नाव तक्त्यात शोधायचा आणि गुटीला निरोप धाडायचा. चुकीचं नाव म्हणजे चुकीचा तुकडा. आणि चुकीचा तुकडा म्हणजे औषध नव्हेच, नुसतं पाणी पाजल्यासारखं.

तो तक्ता मूळ इंग्रजीत होता. फ्रेंच बोलणाऱ्या देशांसाठी त्याचं भाषांतर आधी यंत्रानेच केलं होतं. हर्षदाबरोबर फ्रेंच शिकलेल्या बहुतेकांनी यंत्रांमुळे केव्हाच दुसरी कामं धरली होती. पण गोठ्यातले शब्द यंत्राला चकवतात. जनावराच्या मांसात पट्टकृमीच्या पिल्लांचे फोड दिसले की इंग्रज खाटीक त्याला गोवर म्हणतो. यंत्राने तिथे माणसाच्या गोवराचा फ्रेंच शब्द घातला आणि चाचणीच्या दिवसांत एका जिल्ह्यात लहान मुलांना लस टोचायची धावपळ सुरू झाली. मेंढीचं रक्त पिणारा जंत आणि बटाटे पोखरणारी अळी यांना इंग्रजीत एकच नाव आहे, तर यंत्राने जंताची अळी करून टाकली. मग कंपनीचे जंततज्ज्ञ डॉ. मुकुंद देवस्थळी म्हणाले, 'माणूस बघा.' माणूस म्हणून हर्षदा सापडली. माण तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी, फ्रेंचची एम. ए. मेंढीच्या जबड्याखाली सूज आली की काय समजायचं, हे तिला पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

दोघांनी मिळून अकराशे चाळीस नावं लावली. सात महिने लागले. तक्त्याखाली दोघांच्या सह्या होत्या.

त्यातलं एक नाव 'पेतित दूव'. दूव म्हणजे यकृतात राहणारा पानासारखा चपटा जंत. त्याची एक मोठी जात असते, ग्रांद दूव. तिची पिल्लं यकृत कुरतडत आत शिरतात आणि मेंढी दोन दिवसांत आडवी होते. दुसरी जात बारकी. ती पित्ताच्या नळ्यांत गुमान पडून असते, फारसं नुकसान करत नाही. हिचं नाव पेतित दूव, म्हणजे शब्दशः 'बारकी दूव'. आता मोठ्या जातीची पिल्लं पाहून एखादी बाई 'बारक्या दुवा आहेत' असं म्हणाली, तर तेही पेतित दूवच. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचं अक्षर लिहितात, उच्चारत नाहीत. फरक उरतो तो फक्त पुढच्या छोट्या शब्दात. 'ला पेतित दूव' म्हटलं तर ती जात. 'ले' किंवा 'दे' म्हटलं तर नुसते बारके जंत.

हर्षदाच्या हे तेव्हाच लक्षात आलं होतं. तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'यंत्राने विचारून घ्यावे. बारकी जात, की मोठीची पिल्लं?' अंतिम तक्ता आला तेव्हा शेऱ्याचा रकानाच नव्हता. तिने ते पाहिलं. सात महिन्यांचं काम त्या दिवशी संपणार होतं आणि तिला ते संपायला हवं होतं. तिने सही केली.

फितीबरोबर कुंबाचा नंबर आला होता. परस्पर फोन करायला करारात मनाई होती. इकडे चार वाजले होते, म्हणजे तिकडे साडेदहा. हर्षदाने फोन लावला.

"मादाम बा? मी भारतातून बोलतेय, पुण्याहून. तुमची फीत मी ऐकली."

 कुंबाने विचारलं, "तुम्ही माणूस आहात का?"

"हो."

"मग बोला."

"जंत कुठे आहेत? पित्ताच्या नळ्यांत, की यकृताच्या मांसात?"

"थांबा." भांडं सरकवल्याचा आवाज झाला. कुंबाने कॅमेरा सुरू केला. घमेल्यात एक यकृत होतं, त्यावर लाल वेड्यावाकड्या रेघा. तिने सुरीने ते उघडलं. "मांसात आहेत. वाटा काढत गेलेत. नळ्या रिकाम्या."

"केवढे?"

"तांदळाच्या दाण्याएवढे. काही त्याहून लहान."

"ही पेतित दूव नाही," हर्षदा म्हणाली. "ग्रांद दूवची पिल्लं आहेत."

"मग मी वेगळं काय म्हटलं?" कुंबाचा आवाज चढला. "मी म्हटलं, बारके जंत आहेत. पिल्लं बारकीच असतात."

"तुम्ही बरोबर बोललात."

"मग माझ्या मेंढ्या का मेल्या?"

यंत्राची चूक झाली, असं म्हणणं सोपं होतं. हर्षदाच्या ओठांवर ते आलंही होतं. "यंत्राला काय समजायचं, ते मी लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "ते अपुरं होतं. आत्ता फोनला 'ग्रांद दूव' सांगा. संध्याकाळपर्यंत गुटी औषध बदलेल."

पलीकडे घमेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मी तिथेच उभी होते," कुंबा म्हणाली. "फोन हातात होता. त्याने मला विचारलं का नाही?"

 हर्षदाने विचारलं, "आणखी पशुसेवकांना तुम्ही सांगू शकाल?"

"चौघं ओळखीचे आहेत, त्यांना सांगते. नदीच्या वरच्या अंगाला किती जण आहेत मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहेत?"

हर्षदाला माहीत नव्हते. कंपनी नावं देत नसे. कुंबाने निरोप न घेताच फोन बंद केला.

गुरुवारी सकाळपासून हर्षदा जुन्या फिती घेऊन बसली. ऐकण्याचं काम तिचंच असल्यामुळे संग्रह तिला उघडा होता. गेल्या सहा आठवड्यांत 'पेतित दूव' हे शब्द तीनशे बारा वेळा बोलले गेले होते आणि तीनशे बारा वेळा यंत्राने एकच औषध लावलं होतं. ती एकेक फीत लावायची, डोळे मिटून तो छोटा शब्द पकडायची आणि वहीत रेघ ओढायची. ला. ला. दे. ला. ले. कुणी बैलाच्या हंबरण्यात बोललेलं, कुणी तोंडात काडी धरून. जेवण राहिलं. दोनदा तिला वाटलं, आपलाच कान आपल्याला हवं ते ऐकतोय. मग ती उठून जिन्यावरून खालीवर करून यायची आणि तीच फीत पुन्हा लावायची. संध्याकाळी बेरीज झाली : 'ला' एकशे नव्वद. 'ले' आणि 'दे' सत्त्याण्णव. पंचवीस कळलेच नाहीत.

शुक्रवारी ती बाणेरला कंपनीत गेली. देवस्थळी सरांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. ते सदुसष्ट वर्षांचे होते. हर्षदाच्या अडचणीच्या वर्षांत एवढ्या एका माणसाने तिला काम दिलं होतं. तक्त्याच्या काळात रोज दुपारी ते आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्या ताटलीत ठेवायचे.

त्यांनी कानाला यंत्र लावून तीन फिती ऐकल्या.

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय," ते म्हणाले.

"सर, ही तिसरी पुन्हा ऐका. 'दे' म्हणालाय तो."

"तू म्हणतेस म्हणजे असेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सहा आठवड्यांनी नवा तक्ता निघतोय. त्यात घालू. प्रश्न विचारायची सोय करू."

"सहा आठवडे? सर, कुंबा बाच्या पाच मेंढ्या दोन दिवसांत गेल्या. असे सत्त्याण्णव कळप आहेत."

"असतील. तुझ्या कानावरून."

"मग निदान त्या पशुसेवकांना कळवा. साधा संदेश पाठवा."

"संदेश म्हणजे लेखी कबुली. वरचे लोक पाठवू देणार नाहीत. मी काल विचारून बसलोय." हर्षदाने चमकून पाहिलं. ते म्हणाले, "हो, परवा त्या फितीवरचा तुझा शेरा आला तेव्हाच मला कळलं होतं. तक्त्यातला शेऱ्यांचा रकाना मीच काढायला सांगितला होता, हर्षदा. यंत्राने उलटे प्रश्न विचारले की लोक वापरत नाहीत, असं सगळे म्हणत होते. तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

हर्षदाने वही मिटली.

"सही काढून घेता येते," हर्षदा म्हणाली.

नियम तसा होता. तक्त्यावरच्या दोघांपैकी एकाने सही काढली की सगळी यंत्रणा आपोआप थांबायची, तपासणी होऊन नवी सही होईपर्यंत. एक शब्द वेगळा काढता येत नव्हता. सगळ्या भाषांचा मिळून तक्ता एकच होता.

"दहा दिवस लागतील, कमीत कमी," सर म्हणाले. "चौदा लाख जनावरांच्या गुट्या बंद. ऑक्टोबर चालू आहे. पाऊस नुकताच सरलाय, रक्त पिणारा जंत आत्ताच सगळ्यात जोरात असतो. तुझ्या सत्त्याण्णव कळपांपेक्षा जास्त मरतील. हा विचार केलास? तुझ्या वडिलांच्या मेंढरांतही गुटीच आहे ना?"

"आहे."

"मग?"

हर्षदाने दोन दिवस हाच विचार केला होता.  "ज्यांची गुटी बंद पडेल त्यांना कळेल की ती बंद आहे. ते लक्ष ठेवतील, दुबळी जनावरं वेगळी काढतील, काहीतरी करतील. या सत्त्याण्णव लोकांना आपलं यंत्र रोज सांगतंय की औषध चालू आहे. ते हातावर हात ठेवून बसलेत, सर, आपल्यावर विश्वास ठेवून."

"मी सही काढणार नाही," देवस्थळी म्हणाले. त्यांनी चष्मा परत लावला, पण कागदांकडे पाहिलं नाही. "तुला अडवणारही नाही. पण माझ्यासमोर नको करूस."

तिने ते खाली, वाहनतळाजवळच्या कठड्यावर बसून केलं. फोनवर दोनदा बोटाचा ठसा आणि कारणाच्या चौकटीत चार ओळी. चूक काय, कुठल्या शब्दात, आणि ती आपल्याला आधीपासून माहीत होती, हेही. ते शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. साडेबाराला तिने दिलेल्या कारणावरून अकरा देशांतल्या फोनांवर आपोआप संदेश गेला : गुटी तात्पुरती बंद आहे, यकृताच्या जंताचं निदान पुन्हा करून घ्या.

तोच संदेश मराठीत माणमध्ये तिच्या वडिलांच्याही फोनवर गेला. बिरू मासाळांची एकशे साठ मेंढरं होती. हर्षदाने पंधरा मिनिटांनी त्यांना फोन लावला. मधली पंधरा मिनिटं ती कठड्यावरून हलली नव्हती.

"आबा, संदेश बघितला का?"

"बगितला. काय झालं गं? कंपनी बुडली का काय?"

"नाही. दुरुस्ती आहे. दहाबारा दिवस. कोकरांच्या पापण्या रोज उलटून बघा. फिकी दिसली की ती वेगळी बांधा, लांब चरायला नेऊ नका."

"आनी औशद?"

"जुन्याने आता काही होत नाही, आबा."

"हां," आबा म्हणाले.  "बरं, ठिवतो."

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. करार संपुष्टात. परस्पर फोन केल्याचा उल्लेख होता, तक्त्यातल्या चुकीचा मात्र नव्हता. देवस्थळी सरांना तिने दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

त्यानंतरचे दिवस तिला घरात बसवेना. ती भाजी आणायला जायची आणि पिशवी दुकानातच विसरून यायची. बातम्यांत गुटीवर चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं, एका भाषांतरकार बाईच्या हट्टापायी लाखो जनावरं वाऱ्यावर सोडली. तिचं नाव कुणी घेतलं नाही, पण माणमध्ये पशुवैद्यकाला ते माहीत होतं, आणि त्याच्याकडून आबांना कळलं. सहाव्या दिवशी कुंबाचा संदेश आला. नमस्कार नाही, काही नाही : 'आणखी दोन गेल्या. मग थांबलं. वरच्या अंगाच्या गावांतले लोक आता यकृत कापून बघतायत. बऱ्याच ठिकाणी पिल्लंच निघाली.' हर्षदाने तो उभ्यानेच वाचला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने एस. टी.चं तिकीट काढलं.

ती पोचली तेव्हा आबा माळावर वाघरीपाशी होते. मेंढरांभोवती लावलेली जाळी त्यांनी एका बाजूने उचलून धरली होती आणि बाहेरच्या दोरीला नऊ कोकरं वेगळी बांधलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काम चालू ठेवलं. अकरा कोकरं गेली होती. हे तिला वाटेत चुलत्याने सांगितलं. आबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. ती चप्पल काढून आत शिरली आणि त्यांच्याबरोबर एकेक मेंढी धरू लागली. दोन दिवस हेच चाललं. पापणी उलटायची, रंग बघायचा, फिकं असेल तर बाहेर. तिसऱ्या दिवशी आणखी एक कोकरू गेलं. चौथ्या दिवशी दुपारी आबांचा फोन वाजला. गुटी सुरू झाली होती. नव्या तक्त्यावर देवस्थळींबरोबर दुसऱ्याच कुणाची सही होती, आणि त्यात आता यंत्र उलटं विचारत होतं : बारकी जात, की मोठीची पिल्लं? शब्द हर्षदाच्याच शेऱ्यातले होते.

आबा बाभळीखाली टेकले. तिने त्यांना पाणी दिलं. बरंच पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आपली बी बंद पडंल, हे तुला ठावं हुतं?"

"होतं."

"बटन दाबायच्या आदी?"

"आधी."

"मग मला फोन का न्हाय क्येलास?"

हर्षदाने जाळीची एक गाठ बोटांत धरली. "केला असता तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हनलो असतो की," आबा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. "नगच म्हनलो असतो. तू तरी बी दाबलं असतंस, त्ये बी खरं. पर इचारायचं हुतंस."

तिला कारणं ठाऊक होती. वेळ नव्हता, गुप्ततेची अट होती. त्यातलं एकही तिने काढलं नाही. "हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

 वेगळ्या बांधलेल्या कोकरांपैकी एक उठून उभं राहिलं, पाय फाकवून, तोल सावरत. दोघं त्याच्याकडे बघत राहिली. ते दोन पावलं चाललं आणि पुन्हा बसलं.

पुण्याला परतायला तसं आता काहीच कारण नव्हतं. काम नव्हतं, फीत येणार नव्हती. हर्षदा पदराने घाम पुसत म्हणाली, "आबा, मी अजून आठ दिवस राहू का?"

आबा उठून पुन्हा वाघरीकडे निघाले होते. मागे न बघताच ते म्हणाले, "ऱ्हा की. ह्यात काय इचारायचं?"